तिसऱ्या गिअरची रिंग

गुरुवारी दुपारी मी अलेक्झांड्रियाहून तांत्याला पोचले तेव्हा बाबा मितवल्ली ड्रायव्हरला झापत होते. त्याची सात सीटांची प्यूजो गाडी दुकानातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती. गिअरच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक डॅशबोर्डखाली कुठंतरी गेलं होतं.

"हे काय आहे?" बाबांनी पट्टी दोन बोटांत धरून विचारलं.

"तिसरा राहत नाही, उस्ता. सुटून येतो. म्हणून जरा बांधला."

"बांधला! गिअर आहे की बकरी?"

"टाकताना करकरतोही."

"करकरेल नाहीतर काय! तू गिअर टाकतोस का बायकोशी भांडतोस?"

"बायकोशी भांडायची माझी काय टाप, उस्ता? म्हणून तर गाडीशी भांडतो."

बाबा हसले, आणि मग त्यांना मी दिसले. हात काळे होते म्हणून त्यांनी नेहमीसारखं मनगट पुढं केलं. मी मनगटाचा मुका घेतला. रॉकेलचा वास आला. मी अडतीस वर्षांची आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंदणी करते, दर दुसऱ्या गुरुवारी घरी येते. आई जाऊन सहा वर्षं झाली. वरच्या खोल्यांत बाबा एकटेच राहायचे, खाली दुकान.

आमच्याकडं इंजिनवाले वेगळे, ब्रेकवाले वेगळे आणि गिअरबॉक्सवाले वेगळे. बाबा गिअरबॉक्सवाले. उस्ता, म्हणजे उस्ताद, दसूकी म्हटलं की मन्सूरा शहरापर्यंतचे ड्रायव्हर ओळखायचे. गाडीच्या दुसऱ्या कुठल्या भागाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, मला काय माहीत, मी दाताचा डॉक्टर.

गिअरची पेटी त्यांनी आदल्या दिवशीच खाली उतरवून उघडली होती. या जुन्या प्यूजोची पेटी उभी चिरल्यासारखी दोन फाकांत उघडते. आतली दातेरी चाकं, दांडे, गिअर सरकवणारे फोर्क, पितळी रिंगा सगळं धुऊन त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरून ओळीनं मांडलं होतं. आम्ही लिहितो तशी उजवीकडून डावीकडं. जे आधी निघालं ते उजवीकडं. शेजारचे लोक सगळं एका घमेल्यात टाकतात आणि मग चित्र बघून जुळवतात. बाबा म्हणायचे, ओळ मोडली की वाक्य गेलं. लहानपणी मी ही ओळ वाचत असे. पहिलं चाक, रिंग, दुसरं चाक, रिंग. आजही वाचली. मध्ये एका ठिकाणी बोटभर जागा रिकामी होती.

"इथलं काय झालं?"

"तिसऱ्याची रिंग." बाबांनी खिशातून ती काढली, चाकाच्या कोनावर दाबली आणि फटीत नख घालायला गेले. नख गेलंच नाही. "बघ. पार झिजली. नवीन हवी. हल्ली मिळतात त्या माझ्या मनाला येत नाहीत." मितवल्ली चहाच्या दुकानाकडं गेला होता. बाबा रिंगेकडं बघत राहिले. "चांगल्या रिंगा आता गावात एकाच माणसाकडं असतील."

नाव त्यांनी घेतलं नाही. बावीस वर्षांत क्वचितच घेतलं. पण रस्त्यानं एखादी गाडी गिअर बदलत गेली की हातातलं काम थांबायचं, मान जराशी वळायची. "बय्यूमीचा हात आहे," असं एकदा स्वतःशीच म्हणाले होते. 

मी त्या दिवशी सांगायचं ठरवून आले होते. असं ठरवून मी यापूर्वीही आले होते. गाडीत बसून वाक्यं तयार करायची, तांत्याच्या स्टेशनवर उतरेपर्यंत ती लहान करत आणायची. शेवटी एकच उरायचं. माणसांनी कबुली दिलेली पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. तिथं ती पानाभरात होते.

"बाबा," मी म्हटलं.

"काय गं?"

त्यांनी वर बघितलं. चष्म्याच्या एका काचेवर रॉकेलचा शिंतोडा होता.

"चहात साखर घालू का थोडी?"

डॉक्टरांनी साखर बंद केली होती. बाबांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. "आज घाल," ते म्हणाले. "दोन घाल. कुणाला सांगू नकोस."

शुक्रवारी सकाळी नमाजाआधी ते हातपाय धुवायला गेले. मी कांदा चिरत होते. नळ बराच वेळ चालू राहिला. पाणी वाया घालवणारा माणूस नव्हे तो. मी हाक मारली, परत मारली. मग गेले. आधी मी नळ बंद केला. का ते मला सांगता येत नाही.

दुपारच्या नमाजानंतर त्यांना नेलं. बायका वर बसल्या. गल्लीत मंडप पडला, खुर्च्या आल्या, शेखचा आवाज भोंग्यातून वर येत राहिला. तीन दिवस कडू कॉफी फिरली. तिसऱ्या दिवशी समोरचा इस्त्रीवाला अवदल्ला जिन्यात येऊन हळूच म्हणाला, "बाई, सांगू का नको कळत नाही. बय्यूमी आलाय. तिन्ही दिवस येतोय. मंडपात शिरत नाही. माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा राहतो. मी म्हटलं, अरे, बस तरी. म्हणाला, मला बसता येत नाही."

मला माहीत होतं का बसता येत नाही ते. आणि ती वेळ त्यांच्यावर कुणामुळं आली, हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

मी सोळा वर्षांची होते. बाबा आणि बय्यूमीकाका एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, मग हे दुकान दोघांचं. दुपारी शाळेतून मी परस्पर दुकानात यायची. त्या दिवशी खड्ड्यावर एका तालुक्याच्या डॉक्टरांची प्यूजो होती. पेटी बसवून झाली होती, ऑइल तेवढं भरायचं होतं. बाबा लेथवाल्याकडं गेले होते, काका नमाजाला. मी हे काम शंभरदा बघितलं होतं. बाजूचं बूच काढायचं, ऑइल ओतत राहायचं, बुचातून बाहेर झिरपू लागलं की थांबायचं. मला कुणीतरी शाब्बास म्हणावं असं वाटत होतं. एवढंच.

फळीवर दोन डबे होते. लाल आणि हिरवा. हिरव्या डब्यावर गिअरचं चित्र होतं. म्हणून मी हिरवा घेतला. तो मागच्या आसाचा, दाट ऑइलचा. या प्यूजोच्या पेटीला मात्र इंजिनाचंच ऑइल लागतं, पातळ. दाट ऑइलातलं गंधक पितळ खातं. हे आमच्या गल्लीत झाडूवालीलाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

खाली उतरताना शाळेच्या घागऱ्यावर ऑइल सांडलं. गणवेश घालून खड्ड्यात उतरायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. मी बूच घट्ट केलं, फडक्यानं पुसलं आणि वर पळाले, घागरा गुपचूप धुतला. नासक्या अंड्यासारखा वास कितीतरी दिवस गेला नाही. म्हणजे सुरुवातीला मी गप्प राहिले ती घागऱ्यापायी.

काका नमाजाहून आले, बूच घट्ट बघितलं, त्यांना वाटलं दसूकीनं भरलं. बाबा लेथवाल्याकडून आले, त्यांना वाटलं बय्यूमीनं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. इतकी वर्षं विचारावं लागलं नव्हतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर गाडी घेऊन परत आले. बाबांनी खालचं बूच काढलं, आणि काळं ऑइल तबकात पडलं तसा तो वास वर माझ्या खिडकीपर्यंत आला. रिंगा खाऊन गेल्या होत्या. दुकानात डॉक्टर होते, दोन ड्रायव्हर होते, इस्त्रीवाला अवदल्ला होता. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बय्यूमी, हे काय ओतलंस?"

"मी नाही ओतलं."

"मग कुणी ओतलं? जिन्नानं?"

"दसूकी, कुराणावर हात ठेवून सांगतो. मी त्या बुचाला हात लावलेला नाही."

बाबा म्हणाले, "आधी हात पूस."

मी खिडकीत होते. माझ्या हातात भूगोलाचं पुस्तक होतं. काकांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "या दुकानाच्या उंबरठ्याच्या आत, तुझ्या कुठल्याही छपराखाली, पुन्हा पाय ठेवला तर माझी बायको मला हराम." त्यांनी आपला पाना कापडात गुंडाळला आणि गेले. ती शपथ आमच्याकडं थट्टेत घेत नाहीत. मोडली तर घर मोडतं. त्यांनी ती बावीस वर्षं पाळली.

चौथ्या दिवशी सकाळी मितवल्ली आला. दारातच उभा राहिला, चपला काढू का नको अशा बेतात.

"बाई, आज येऊ नये खरं तर. पण गाडी खड्ड्यावर आहे. पोरं घरी आहेत."

"दुसऱ्या कुणाला दाखवलंत?"

"दोघांना आणलं इथं. दारातून बघितलं आणि परत फिरले. म्हणतात, उस्तानं उघडलेली पेटी, ओळ मांडून ठेवलेली. मेलेल्या माणसाच्या ओळीला आम्ही हात लावणार नाही. त्याच्या बरोबरीनं शिकलेला कुणी असेल तर बघा." त्यानं मान खाली घातली. "असा एकच माणूस आहे म्हणतात."

मी काळी ओढणी घेतली आणि रेल्वे फाटकापलीकडं गेले.

बय्यूमीकाका स्टुलावर बसून एक फोर्क कानशीनं घासत होते. केस पांढरे झाले होते. मला बघून उठले, हात पुढं केला, मग काळा आहे म्हणून मनगट पुढं केलं. मला क्षणभर बघवेना.

"अल्ला त्याच्यावर दया करो," ते म्हणाले. "बस. केवढी झालीस. बापासारखंच कपाळ."

मी मितवल्लीच्या गाडीचं सांगितलं. ते ऐकताना कानस चालूच होती.

"ओळ तशीच आहे?"

"तशीच. तिसऱ्याची रिंग नाही. तिथं जागा सोडलीय."

कानस थांबली. ते आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत मेणकागदात गुंडाळलेल्या पितळी रिंगा होत्या. "आम्ही दोघांनी पोर्ट सईदला जाऊन आणल्या होत्या. परत येताना गाडीत भांडलो, खिडकीशी कोण बसणार यावरून. चाळीशीची माणसं!" त्यांनी एक गुंडाळी उलगडली. "माझ्या केव्हाच वापरून झाल्या. या त्याच्या वाटणीच्या."

"इतकी वर्षं ठेवल्यात?"

"मग काय करू? त्याच्या होत्या ना."

"काका, तुम्ही याल?" मी म्हटलं. "तुमची शपथ…"

"फिटली." त्यांनी रिंग खिशात टाकली. "परवा शेखकडं गेलो. म्हणाला, दहा गरिबांना जेवू घाल, सुटलास. काल बायकोनं भात-वाटाणा केला, दहा माणसं बसवली. संध्याकाळी सुटलो. आणि संध्याकाळी मंडप उतरला होता."

"आधी कधी विचारलं नाहीत शेखला?"

"आधी विचारलं असतं तर तुझा बाप म्हणाला असता, आलास का झक मारत?" ते हसले, मग हसू तसंच तोंडावर राहिलं. "म्हणाला असता तर म्हणू द्यायचं होतं. काय बिघडलं असतं?"

दुकानाच्या उंबरठ्यापाशी ते थांबले. समोरून अवदल्ला इस्त्री हातात घेऊन बघत होता. काकांनी उजवा पाय आत टाकला आणि तडक बाकाकडं गेले. हात मागे बांधून उजवीकडून डावीकडं चालत त्यांनी ओळ बघितली. मी इतरांना असं वागताना फक्त कबरीपाशी पाहिलं आहे. रिकाम्या जागेपाशी ते थांबले, खिशातून रिंग काढून तिथं ठेवली. मग चाकावर दाबून फटीत नख घातलं. नख गेलं.

"बसली," ते म्हणाले. 

त्यानंतर दुपारपर्यंत ते पेटी जुळवत राहिले. मागितलं ते मी देत होते. बाबांचे पाने कुठं असतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एकदा त्यांनी तिसऱ्याचा फोर्क उजेडात धरला आणि मितवल्लीला हाक मारली.

"तू गाडी चालवताना हात कुठं ठेवतोस?"

"स्टिअरिंगवर."

"आणि दुसरा?"

"दुसरा… गिअरवर. जरा टेकवून."

"टेकवून! तुझ्या हाताच्या वजनानं हा फोर्क एका अंगानं खाल्लाय. तुला उस्तानं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. म्हणाले होते, तो दांडा म्हणजे गाढवाची मान नव्हे."

काका खळाळून हसले. "अस्साच बोलायचा!" ते म्हणाले, आणि पाठ वळवून उगाचच बोल्ट मोजू लागले. 

पेटीच्या दोन फाका मिटल्या. मितवल्ली आणि त्यांनी मिळून ती वर चढवली. काका खड्ड्यात उभे, मितवल्ली जॅकपाशी, मी दिवा धरून. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी बाजूचं बूच काढलं, हात पुसले. हात पुसताना ते थांबले. फडकं नीट चार घड्या करून खड्ड्याच्या कडेवर ठेवलं.

"आता ऑइल," ते म्हणाले. 

फळीवर दोन डबे होते. बाबांनी नंतर कधी रंग बदलले नव्हते. मी लाल डबा खाली दिला. त्यांनी झाकण उघडलं आणि डबा परत वर, माझ्या तोंडापुढं धरला.

"वास घे."

"काका…"

"घे ना. घे आणि मोठ्यानं सांग, कुठलं आहे ते. तू साक्षीदार. या दुकानात माझ्या शब्दाला किंमत नाही, बाई. उद्या या गाडीचं काही झालं तर पुन्हा कुणी म्हणायला नको."

ते हसतच म्हणाले. मला टोचावं म्हणून म्हणाले नाहीत. जुनं दुखणं माणूस जसं थट्टेत चाचपून बघतो, तसं. वर बघत होते, डबा दोन्ही हातांनी धरलेला. म्हातारे हात. डब्यातून साध्या ऑइलचा साधा वास येत होता आणि मला मात्र माझ्या धुतलेल्या घागऱ्याचा वास आला.

मितवल्ली म्हणाला, "मी जरा सगळ्यांना चहा सांगून येतो."

"थांबा," मी म्हटलं. "जाऊ नका."

तो थांबला. मी दारापाशी गेले आणि अवदल्लाला हाक मारली. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि रस्ता ओलांडून आला. दारात उभा राहिला, त्या दिवशी उभा होता तिथंच. डॉक्टर केव्हाच वारले. ते दोन ड्रायव्हर कोण होते मला आठवत नाही. बाबांचं स्टूल बाकापाशी होतं, त्यावर त्यांचं फडकं.

"काय झालं, बाई?" अवदल्लानं विचारलं.

मी दिवा खाली ठेवला. खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसले, म्हणजे काकांचा चेहरा माझ्यासमोर आला. गाडीत तयार केलेली वाक्यं आठवेनात. एकच उरलं होतं, ते स्टुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं.

"काका, डॉक्टरांच्या गाडीत ते ऑइल मी ओतलं होतं. हिरव्या डब्यातलं. तुम्ही नमाजाला गेला होता. तुम्ही खरं बोलत होता, आणि मी वर खिडकीत उभी राहून ऐकत होते. गुरुवारी मी बाबांना हेच सांगायला आले होते, आणि त्यांना विचारलं, साखर घालू का."